विश्लेषण : इजिप्तला मे महिन्यात जाणे धोक्याचे का?

मे महिन्याच्या सुट्टीत इजिप्तचा बेत आखणाऱ्यांनी आधी लक्सॉरचे तापमान पाहावे. तिथे मे महिन्यातच पारा चाळिशीच्या आसपास पोहोचतो.

धोका नेमका कशात?
मुंबई-कोकणात घामाने कपडे भिजतात. वाळवंटातील कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो. त्यामुळे शरीरातील पाणी घटल्याचे उशिरा लक्षात येते. ‘राजांच्या खोऱ्यात’ सावली जवळपास नाही आणि चुनखडीचे कडे तापलेले असतात. १९२२ मध्ये सापडलेले तुतानखामेनचे थडगेही इथेच आहे.

मग काय करावे?
खोरे सकाळी लवकर पाहावे, दुपारी खोलीत थांबावे. लक्सॉर मंदिर सूर्यास्तानंतरही खुले असते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. गरगरले, मळमळले किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर सावलीत नेऊन अंग गार करावे आणि तातडीने डॉक्टरांना गाठावे.

समुद्रकिनारी सुटका होते का?
पूर्णपणे नाही. तांबड्या समुद्रावरील हुरघाडा येथे वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण त्वचा भाजतेच.

योग्य काळ कोणता?
नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे मे महिन्यापेक्षा दिवाळीनंतरची सुट्टी बरी.