रडारचा पासंग

ऑक्टोबर 1957 मध्ये इंग्लंडच्या जॉड्रेल बँक वेधशाळेने रडारवर स्पुटनिक उपग्रह टिपला, असं अजूनही ठोकून सांगितलं जातं. टिपलं होतं ते त्याला वर नेणारं रॉकेट. स्पुटनिक स्वतः 58 सेंटिमीटरचा गोळा. त्याचा प्रतिध्वनी फारच क्षीण.

म्हणजे मोठी वस्तू मोठी दिसते? तेही अर्धंच खरं. रडारला आकार कळत नाही. पाठवलेल्या लहरींपैकी किती परत आल्या, एवढंच कळतं. सोलर पॅनेल नेमकं समोर आलं तर प्रतिध्वनी दणदणीत. तेच जरा कललं, की लहरी भलतीकडे जातात आणि एवढं धूड जवळजवळ गायब होतं.

मग रडारची नजर तपासायची कशावर? गोळ्यावर, तो कुठूनही बघा, सारखाच. मे 1965 मध्ये अमेरिकेच्या एमआयटी लिंकन प्रयोगशाळेचा एलसीएस-1 हा अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ गोळा सुमारे 2800 किलोमीटर उंचीवर सोडला गेला. व्यास 1.12 मीटर, म्हणजे समोरून क्षेत्रफळ जवळपास 1 चौरस मीटर. आत बॅटरी नाही, ट्रान्समीटर नाही, काहीच नाही. वाण्याकडचं शिक्का मारलेलं किलोचं वजनच म्हणा ना! त्याचा प्रतिध्वनी हिशेबापेक्षा कमी भरला, तर पासंग रडारमध्ये आहे. पुढे 1994 मध्ये डिस्कव्हरी यानातून 2, 4 आणि 6 इंचांचे गोळे सोडले. बारीक अवकाश-कचरा मोजायला मापंही बारीक लागतात.

शक्ती दुप्पट केली की पल्ला दुप्पट, हा गैरसमज तर शिकलेल्यांतही आढळतो. लहर जाताना पसरते, प्रतिध्वनी येतानाही पसरतो. त्यामुळे दुप्पट पल्ल्याला 16 पट शक्ती लागते. हजार किलोमीटरवरची वस्तू 36 हजारांवर नेली, तर प्रतिध्वनी सुमारे 17 लाख पटींनी क्षीण होतो. म्हणूनच त्या उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहांवर नजर ठेवायला मुख्यतः दुर्बिणी वापरतात.

शिवाय ‘दिसतो’ म्हणजे नेहमीच दिसतो असं नाही. गोंगाटातून प्रतिध्वनी वेगळा काढताना रडार किती वेळा चुकेल आणि नसलेली वस्तू किती वेळा ‘दिसेल’, हेही मोजावं लागतं.

नुसता पल्ला सांगणं म्हणूनच अपुरं. इस्रोचं श्रीहरिकोट्याचं बहुलक्ष्यवेधी रडार 50 बाय 50 सेंटिमीटरची वस्तू 1000 किलोमीटरवर टिपतं, 30 बाय 30 ची 800 वर. क्षेत्रफळ 0.36 पट, म्हणजे जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आलं, पल्ला मात्र पाचवा हिस्साच घटला. दुप्पट पल्ल्याला 16 पट लागतात, त्याचाच हा उलटा हिशेब. कॅल्क्युलेटरवर 0.36 चं वर्गमूळ दोनदा काढा: उत्तर 0.775 येतं, म्हणजे 1000 चे 775, 800 च्या जवळपासच.