हेवी लायसन आहे, पण परदेशात चालेल का?

समजा, गटाच्या बैठकीत एका ताईने कर्ज मागितलं. मुलाला जर्मनीत ट्रक चालवायला पाठवायचंय, एजंटला पैसे भरायचेत. मुलाकडे हेवी लायसन आहे. एवढ्यावर आपण कर्ज मंजूर करायचं का? आज तेच समजून घेऊ.

आपल्याकडे हलक्या गाडीचं लायसन एक वर्ष जुनं झालं, की हेवीचं शिकाऊ लायसन काढता येतं. जर्मनीत राहायला गेल्यावर आपलं लायसन 6 महिनेच ग्राह्य धरतात. पुढे तिथलं काढावं लागतं, आणि ते नुसतं बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षा, दोन्ही द्याव्या लागतात. ट्रकसाठी डोळ्यांची आणि तब्येतीची तपासणीही होते. साडेतीन टनांवरच्या ट्रकला ‘सी’ वर्ग लागतो, मोठा ट्रेलर जोडला तर ‘सीई’.

एवढ्यानंही भागत नाही. पगारावर ट्रक चालवायचा तर व्यावसायिक चालकाची वेगळी पात्रता लागते. तिचा छोटा अभ्यासक्रमही 140 तासांचा असतो, शेवटी परीक्षा. नंतर दर 5 वर्षांनी 35 तासांचं प्रशिक्षण. हा नियम सगळ्या युरोपीय संघात आहे.

म्हणजे विमानातून उतरला आणि लगेच ट्रकवर बसला, असं होत नाही. मध्ये कित्येक महिने जातात. आपल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

काही एजंट सांगतात, “आंतरराष्ट्रीय परवाना काढून देतो, काम झालं.” हा परवाना आपल्या आरटीओतच मिळतो आणि एका वर्षाचा असतो. त्याने नोकरीची पात्रता मिळत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारू या. एजंटची सरकारकडे नोंदणी आहे का? ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. तो किती पैसे मागतो? नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि पावती द्यावीच लागते. तिथल्या लायसनचा आणि प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार? तोवर पगार किती? शेवटच्या दोन्ही गोष्टी करारात लिहिलेल्या हव्यात.

उत्तरं कागदावर मिळाली, तर ताईच्या कर्जावर जरूर सही करू. नुसती तोंडी मिळाली, तर थोडं थांबू.