हस्तलिखितांसाठीं कातड्याची गवसणी : साहित्य, हत्यारें व कृति

आपल्याकडील पोथीचा व कातड्याचा संबंध फारसा जवळचा नाहीं. सुट्या पानांची पोथी दोन लांकडी फळ्यांमध्यें धरून फडक्यांत गुंडाळावी व दप्तराचे कागद रुमालांत बांधावे, ही आपली रूढ रीत. देवघरांतील ग्रंथास कातडें लावणें तर निषिद्धच मानलें जाई. फारसी ग्रंथांची गोष्ट निराळी. त्यांची बांधणी कातडी असून पुढील कडेवर दुमडणारी झडपही तिला असे. सोलापूर प्रांत आदिलशाहीच्या अंमलाखालीं राहिलेला असल्यामुळें असे ग्रंथ या बाजूच्या संग्राहकास परके नाहींत. शिवाय एकोणिसाव्या शतकापासून नोंदवह्या व छापील ग्रंथ यांच्या पाठीस कातडें लावण्याचा प्रघात पडला. त्यांपैकीं पुष्कळांची पाठ आज हात लावतांच तांबूस भुकटी होऊन गळते, व ती भुकटी आंतील पानांवर पसरते.

अशा वेळीं संग्राहक दोन उपाय करतो. एक तर पाठीस तेल चोळतो, नाहीं तर जुनी बांधणी काढून बाजारांतील कातड्याची नवी घालतो. पहिल्या उपायानें डाग पडतात. दुसऱ्यानें मूळ बांधणीवरील शिक्के, मालकीच्या नोंदी व शिवणीची पद्धत हा ऐतिहासिक पुरावाच नाहींसा होतो, आणि नवें कातडेंही कांहीं वर्षांनीं त्याच वाटेनें जातें. कातड्याचें आयुष्य कपाटांतील मलमांवर नव्हे, तर तें ज्या सालीच्या पाण्यांत कमावलें गेलें तिच्यावर अवलंबून असतें, हें ध्यानांत न घेतल्यामुळें असें होतें.

सोलापुरांत कातडें कमावण्याचा धंदा परंपरेनें ढोर समाजाच्या हातीं होता. बाराव्या शतकांतील शरण कक्कय्य यांस हा समाज पूज्य मानतो. सोन्नलिगेचे, म्हणजे सोलापूरचे, सिद्धरामेश्वर हेही त्याच शरणमंडळांतील. कच्चें कातडें चुन्याच्या पाण्यांत मुरवून केंस खरवडावयाचे, चुना धुऊन काढावयाचा, मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यांत तें कमावावयाचें, ही दख्खनची जुनी कृति. कातड्याची पिशवी शिवून तींत हें पाणी भरून टांगण्याचीही चाल होती. ही विद्या लुप्त झालेली नाहीं. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यांत सोलापूर जिल्ह्याचाही समावेश आहे, व त्या चपलेचें कातडें वनस्पतींच्या सालींनींच कमावलेलें असतें.

कमावण्याच्या वनस्पतिज द्रव्यांचे दोन वर्ग आहेत. तरवड व बाभूळ यांच्या सालीं बहुतांशीं एका वर्गांत पडतात, हिरडा दुसऱ्यांत. पहिल्या वर्गाचें कातडें कोळशाच्या धुरांतील गंधकवायु शोषून घेतें. त्याचें आम्ल होऊन तंतु तुटतात आणि वर सांगितलेली तांबूस भुकटी होते. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें ग्रंथबांधणीच्या कातड्याविषयीं एक समिति नेमली होती. तिचा अहवाल १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानांतून जाणारीं शेळ्यामेंढ्यांचीं कातडीं बांधणीस अत्यंत अल्पायुषी ठरतात, असा तिचा निष्कर्ष होता. त्या अहवालांतील ‘टर्वार’ म्हणजे आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनीं बहरणारा तरवडच होय. चपलेस किंवा मोटेस जें कातडें उत्तम, तें ग्रंथासही उत्तम असेंच नाहीं.

खरेदीपूर्वीं कातड्याची परीक्षा घरींही करतां येते. त्याची बारीक पट्टी उकळत्या पाण्यांत टाकावी. वनस्पतींनीं कमावलेली असेल तर ती लगेच आकसून वळते, क्रोमची बहुधा तशीच राहते. क्रोमच्या कातड्याची कापलेली कड पुष्कळदां निळसर करडी दिसते. तें पाण्यास टिकतें, पण त्यास घडी नीट बसत नाहीं. दुसरी परीक्षा सालीची. टाकाऊ तुकड्याचे चार तंतु पाण्याच्या थेंबांत भिजवून त्यांवर फेरिक क्लोराइडच्या अगदीं पातळ द्रावणाचा थेंब सोडावा. हिरवट काळा रंग आला तर कातडें तरवड-बाभळीच्या वर्गांतलें समजावें, निळसर काळा आला तर हिरड्याच्या. मात्र दोन्ही द्रव्यें मिसळलेलीं असतील तर निळा रंग हिरव्यास झांकतो. म्हणून हिरवा रंग कातड्यास दोषी ठरवितो, पण निळा त्यास पूर्ण निर्दोष ठरवीत नाहीं. ही परीक्षा जुन्या बांधणीवर कदापि करूं नये.

या सर्वांवरून व्यवहाराचा मार्ग असा निघतो. मूळ बांधणीस हात न लावतां ग्रंथासाठीं सुटी गवसणी करावी. ग्रंथ प्रथम आम्लरहित कागदांत व नंतर धुतलेल्या, खळ निघालेल्या कोऱ्या मांजरपाटांत गुंडाळावा. सुती कापडाचें सोलापूर हें माहेरच असल्यामुळें त्याची वाण नाहीं. मग कातडें ग्रंथास स्पर्श करीत नाहीं, व पुढें झिजलें तर निर्धास्तपणें बदलतां येतें. गवसणीस बकऱ्याचें, सुमारें सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचें कातडें पुरेसें आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नांवानें ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी या प्रदेशांतीलच होय. पाठीचा भाग घट्ट व सारखा असतो, पोटाचा सैल असतो व ताणला जातो. म्हणून मोठे तुकडे पाठीचेच काढावे.

हत्यारें थोडींच लागतात : धारेची रापी, बारीक आरी, कंपास, पोलादी पट्टी, बोथट टोंकाच्या दोन सुया, तागाचा पक्का दोरा व मधमाशांचें मेण. प्रथम कागदाचा नमुना कापून गुंडाळलेल्या ग्रंथाभोंवतीं बसवून पाहावा, व जाडीसाठीं थोडी सूट ठेवावी. कातडें लांकडी फळीवर ठेवून रापीनें एकाच ओढींत कापावें. जेथें दोन थर जुळतात तेथें बोटभर रुंदींत आंतील बाजू तासून जाडी निम्मी करावी, नाहीं तर शिवण फुगते. कंपासानें कडेपासून ४ मिलिमीटरवर रेघ ओढून तितक्याच अंतरानें आरीनें भोंकें पाडावीं. दोरा शिवणीच्या चौपट घेऊन मेणावरून ओढावा, दोन्ही टोंकांस सुया ओंवाव्या, आणि प्रत्येक भोंकांतून दोन्ही सुया समोरासमोर काढाव्या. ही शिवण एके ठिकाणीं तुटली तरी सगळी उसवत नाहीं. शेवटीं दोन भोंकें मागें शिवून दोरा कापावा. कडा किंचित् ओलसर करून शिंगाच्या गुळगुळीत पट्टीनें घोटाव्या व काम सावलींत वाळवावें.

कातडें ओलें असतांना लोखंडाचा स्पर्श टाळावा. सालींतील द्रव्य व लोह यांच्या संयोगानें शाईसारखा काळा डाग पडतो व तो निघत नाहीं. बंद सुती नाडीचे ठेवावे. पितळी कडीवर कातड्यांतील चरबीनें हिरवा थर धरतो. चिकटविणें भागच असेल तर गव्हाच्या सत्त्वाची ताजी खळ घ्यावी. बांधणीकार किडीसाठीं तींत मोरचूद घालीत, तो मात्र घालूं नये. तांबें कागदाच्या व कातड्याच्या नाशास हातभार लावतें.

सोलापुरांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो व कातडें कोरडें पडतें. त्यावर तेल हा उपाय नव्हे. तेल कालांतरानें चिकट व काळपट होतें, धूळ धरतें व कागदांत उतरतें. कपाट पश्चिमेच्या भिंतीस लागून नसावें, आणि पावसाळ्यांत तें आठवड्यांतून एकदां उघडून बुरशी पाहावी. भुकटी होत असलेल्या पाठीस हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोजचें मद्यार्कांतील पातळ द्रावण लावून ती घट्ट करतां येते, पण तें काम जाणत्या हातांनींच करावें. तोंपर्यंत पाठ मऊ कुंचल्यानें हलकेच झाडून ग्रंथ कागदांत गुंडाळून ठेवावा.

प्रत्येक गवसणींत एक चिठ्ठी ठेवावी. तींत कातडें कोठून व कोणाकडून घेतलें, तें कशानें कमावलेलें होतें, परीक्षेंत कोणता रंग आला व गवसणी कोणत्या सालीं शिवली, हें लिहावें. असा टिपणांचा संग्रह जमला तर आपल्या हवेंत कोणतें कातडें किती वर्षें टिकतें, हें पुढील संग्राहकांस परदेशी अहवालांवर विसंबून न राहतां सांगतां येईल.