आतली शेकोटी

चरबी म्हणजे व्हिलन, असं तुमचं ठाम मत आहे? मग जरा थांबा. आपल्या अंगात एक चरबी अशीही आहे, जी कॅलरीज साठवत नाही, चक्क जाळते!

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं ऐटीत सांगणारे परभणीकर आणखी एका गोष्टीवर हक्क सांगतात, ती म्हणजे तिथली थंडी. काही हिवाळ्यांत परभणीचा पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि पेपरात गावाचं नाव झळकतं. अशा पहाटे चौकाचौकात शेकोट्या पेटतात. पण एक शेकोटी आपल्या आतही असते. तिचं नाव ब्राउन फॅट, म्हणजेच तपकिरी चरबी.

फंडा काय आहे?

पोटावर, कमरेवर दिसते ती पांढरी चरबी. तिचं काम बचत खात्याचं. जादा कॅलरीज आल्या की जमा! तपकिरी चरबी मात्र उधळी. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींची पॉवरहाउसेस, ठासून भरलेली असतात. त्यांतल्या लोहामुळे तिला हा रंग येतो. यूसीपी-1 नावाचं प्रोटीन इथे इंधनाची थेट उष्णता करून टाकतं. तान्ह्या बाळाला नीट कुडकुडताही येत नाही, तरी ते ऊब धरतं ते हिच्याच जिवावर.

मोठेपणी ही चरबी जवळपास संपते, असा अनेक वर्षं समज होता. 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एकाच वेळी तीन संशोधनं आली आणि चित्र पालटलं. मोठ्या माणसांच्या मानेत आणि कॉलर बोनच्या वर ती पेट स्कॅनमध्ये चमकताना दिसली. त्यांपैकी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या टीमने 24 पुरुषांना 16 अंशांत ठेवलं, तेव्हा 23 जणांत ती जागी झाली. पण जाड मंडळींमध्ये तिचा जोर कमी होता. म्हणजे जिथे जाळायला भरपूर, तिथेच शेकोटी मंद!

ऑपरेशननंतर काय?

मग वजन उतरवलं तर ती पुन्हा पेटते का? आपल्याकडे 2011 मध्ये नितीन गडकरी यांनी वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा 'बॅरिअॅट्रिक सर्जरी'ची बरीच चर्चा झाली. पुढच्याच वर्षी मास्ट्रिख्टच्या टीमने वरच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. जठराला बँड बसवलेल्या 10 अतिलठ्ठ रुग्णांपैकी ऑपरेशनआधी फक्त दोघांत ब्राउन फॅट सक्रिय होतं. वर्षभरानंतर पाच जणांत!

गुड न्यूज? हो, पण अर्धीच. पाच जणांत ते दिसलंच नाही. सर्जरीनंतर वजन उतरतं ते मुख्यतः खाणं कमी झाल्यामुळे. शिवाय शरीर हलकं झालं की बसल्या जागी जळणाऱ्या कॅलरीजही घटतात. म्हणून 'ऑपरेशन झालं, आता काहीही खा' हे चालत नाही.

आणि आपण भारतीय?

2014 मध्ये लायडनच्या संशोधकांनी नेदरलँड्समधल्या सडपातळ, निरोगी तरुणांची तुलना केली. दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत ब्राउन फॅट गोऱ्यांपेक्षा 34 टक्के कमी भरलं. त्याआधी, 2004 मध्ये, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा जोडफोटो 'लॅन्सेट'मध्ये गाजला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2!

तेव्हा परभणीहून पुण्यात येऊन दिवसभर एसीत खुर्चीला चिकटलेल्या मित्रांनो, 'मी कुठे जाडा आहे?' हे उत्तर पुरेसं नाही. आणि ऑफिसातल्या जाड कलीगला 'जरा कमी खा' म्हणून टोमणे मारणाऱ्यांनो, सगळ्यांची शेकोटी सारखी पेटत नाही, हे ध्यानात असू द्या.

हे लक्षात ठेवा

• जपानमध्ये 2013 च्या प्रयोगात सहा आठवडे, रोज दोन तास 17 अंशांत बसलेल्यांची चरबी थोडी घटली. एसी 17 वर ठेवून बिर्याणी मागवणं म्हणजे तो प्रयोग नव्हे!

• ब्राउन फॅट पेटवून वजन उतरवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून नाही. जाहिरातींना भुलू नका.

• वजनकाट्याबरोबर टेपही वापरा. कंबर पुरुषांची 90, स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर डॉक्टरांना गाठा.