डोळ्यांच्या कडेचा सिनेमा

कल्याण स्टेशनात आपली लोकल थांबलेली असते. शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि क्षणभर वाटतं, आपलीच निघाली. पोटात बारीकसा गोळा येतो, हात आपसूक दांडीकडे जातो. मग पलीकडचा खांब जागच्या जागी दिसतो आणि कळतं की आपण होतो तिथेच आहोत.

त्या क्षणी पाय सांगत असतात की आपण स्थिर आहोत, तोल सांभाळणारा आतला कानही तेच सांगत असतो. तरी मेंदू डोळ्यांचं ऐकतो, आणि डोळ्यांतही कडांचं जास्त! वाचायला, चेहरा ओळखायला लागणारी तीक्ष्ण नजर फार चिमुकली आहे. हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढी जागा झाकतं, साधारण तेवढीच. बाकी सगळं धूसर. पण आपण हलतोय का, कुठे, किती वेगानं, याची खबर ही धूसर कडच मोठ्या प्रमाणात देत असते.

फ्रेड वॉलर या अमेरिकन संशोधकानं हे गुपित हेरलं. तो पॅरामाउंट स्टुडिओत छायाचित्रणाच्या करामती करायचा. भिंगाचा आवाका जितका रुंद, तितकं चित्र जास्त खोल वाटतं, हे तिथे त्याच्या लक्षात आलं. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी त्यानं अकरा प्रोजेक्टरांची यंत्रणा बांधली. मग दुसरं महायुद्ध आलं आणि तीच कल्पना विमानांवर नेम धरण्याचं शिक्षण देण्यासाठी कामी आली. गोल, आत वळलेल्या पडद्यावर पाच प्रोजेक्टरांतून शत्रूची विमानं अंगावर यायची आणि शिकाऊ सैनिक त्यांच्यावर नेम धरायचे. त्या सरावयंत्रातून पुढे सिनेरामा, म्हणजे वळलेल्या रुंद पडद्यावरचा सिनेमा, जन्माला आला.

तोवर हॉलिवूडच्या तोंडचं पाणी पळालं होतं. १९४६ साली अमेरिकेत आठवड्याला सुमारे ९ कोटी तिकिटं खपत होती, असा अंदाज आहे. देशाची लोकसंख्या १४ कोटींच्या आसपास असताना! १९५३पर्यंत हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. खापर टीव्हीवर फुटलं. पण गळती सुरू झाली तेव्हा टीव्ही फार थोड्या घरांत होता. युद्धावरून परतलेल्या माणसांनी लग्नं केली, शहराबाहेर घरं घेतली, पाळणे हलले. जुनी थिएटरं मात्र भर शहरातच राहिली. टीव्ही आला तो या घरात बसलेल्या माणसांच्या पुढ्यात.

३० सप्टेंबर १९५२. न्यूयॉर्कचं ब्रॉडवे थिएटर. ‘धिस इज सिनेरामा’ सुरू झाला तो नेहमीच्या लहान चौकटीत, कृष्णधवल. लोवेल थॉमस हा नामांकित निवेदक सिनेमाचा इतिहास सांगत होता. दहा-बारा मिनिटं हेच. मग पडदे दोन्ही बाजूंना सरकू लागले, सरकतच राहिले, आणि रंगीत चित्र प्रेक्षकांच्या कानशिलांपर्यंत पसरलं. रॉकअवेच्या करमणूक बागेतल्या रोलर कोस्टरच्या अगदी पुढच्या डब्यात सगळं सभागृह जाऊन बसलं होतं. लोक किंचाळले, खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. खुर्च्या तसूभरही हललेल्या नव्हत्या. कल्याणच्या लोकलची फसगत इथे हजारभर माणसांवर एकदम झाली होती.

ही जादू घडवणारी यंत्रणा मला त्या रोलर कोस्टरपेक्षाही भारी वाटते. एकाच कॅमेऱ्यात तीन भिंगं आणि तीन फिल्मी. तिन्ही मिळून १४६ अंशांचा देखावा टिपायच्या. प्रत्येक चौकट नेहमीपेक्षा दीडपट उंच, वेग सेकंदाला चोविसाऐवजी सव्वीस चौकटी. दाखवताना तीन खोल्यांत तीन प्रोजेक्टर. डाव्या खोलीतलं चित्र पडद्याच्या उजव्या भागावर पडायचं, उजव्या खोलीतलं डाव्या. सात मार्गांचा आवाज चौथ्या यंत्रावर, आणि चारही यंत्रांची पावलं एकत्र पडायला हवीत. पडदा इतका वळलेला की एका टोकाचा उजेड दुसऱ्या टोकावर पडून चित्र फिकं झालं असतं. म्हणून तो अखंड ठेवलाच नाही. कचेऱ्यांच्या खिडक्यांना असतात तशा शेकडो उभ्या पट्ट्यांचा केला, प्रत्येक पट्टी प्रेक्षकांकडे तोंड करून. राहता राहिले ते तीन चित्रांमधले सांधे. त्यांच्यासाठी प्रोजेक्टरच्या चौकटीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते बसवले होते. ते वेगानं वरखाली थरथरायचे आणि चित्राची कड विरघळवायचे. एखाद्या रिळाचा तुकडा खराब झाला, तर तेवढ्याच काळ्या चौकटी मोजून जोडायच्या. नाहीतर तिघांची चाल बिघडलीच!

एवढा खटाटोप गल्लोगल्लीच्या थिएटरला झेपणारा नव्हता. माणसं सिनेरामाला गेली ती सणाला जावं तशी, आधी जागा राखून, महाग तिकीट काढून. दर आठवड्याला पिक्चर बघण्याची मोडलेली सवय त्यामुळे जुळली नाही. गोष्ट सांगायलाही हा कॅमेरा अवघड होता, कारण चेहऱ्याजवळ जायचं तर सांधे आड यायचे.

सोपी वाट सिनेमास्कोपनं काढली. फ्रेंच संशोधक आंरी क्रेतियाँनं १९२०च्या दशकातच एक भिंग घडवलं होतं. ते रुंद देखावा दाबून साध्या फिल्मवर बसवतं. रीळ हातात धरलं तर माणसं बांबूसारखी उंच, लुकडी दिसतात. दाखवताना दुसरं भिंग त्यांना पुन्हा अंगानं भरतं. १९५३च्या ‘द रोब’ या चित्रपटानंतर हे भिंग जगभर पसरलं.

मुंबईत ते गुरुदत्तच्या हाती आलं. १९५९चा ‘कागज के फूल’ हा आपला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. मुंबईत टीव्ही यायला अजून तेरा वर्षं होती, त्यामुळे इथे या रुंदीला कुणाची गळती थांबवायची नव्हती. गुरुदत्त आणि छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी त्या लांबट चौकटीत ओस पडलेला स्टुडिओ आणि त्यात एकटा माणूस ठेवला. चित्रपट तेव्हा चालला नाही, पण रिकामी जागा इतकी बोलकी करता येते, हे मला त्यातूनच उमगलं.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या पिक्चरव्हिल चित्रपटगृहात सिनेरामाची तीन प्रोजेक्टरांची मूळ मांडणी अजून जपलेली आहे. मोकळं, निळं आकाश पडद्यावर आलं की त्यात दोन फिकट उभ्या रेघा हलकेच थरथरताना दिसतात. रोलर कोस्टरच्या डब्यानं उतार घेतला की त्यांच्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही.