वीज येते, ताण मात्र उरतो

मेअखेरीस रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात वादळी वारा सुटला, की बागांबरोबर विजेचे खांबही आडवे होतात. गाव अंधारात जाते आणि काही मिनिटांतच वायरमनचा मोबाइल वाजू लागतो. धुळ्याकडे विचारतात, ‘भाऊ, लाइट कवय येई?’ जळगावात विचारतात, ‘लाइट किती वाजता येईल?’ पाऊस ओसरेपर्यंत त्याला खांबावर चढता येत नाही आणि मोबाइलही बंद ठेवता येत नाही.

तरीही ही नोकरी खान्देशात हवीहवीशी आहे. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांचे पहिले लक्ष्य ‘महावितरण’ असते. जुन्या वीज मंडळाचे विभाजन होऊन 6 जून 2005 पासून ही कंपनी स्वतंत्रपणे काम करू लागली. पण गावाच्या तोंडी अजून ‘एमएसईबी’च आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून तिचे जळगाव परिमंडळ होते. विद्युत सहाय्यक म्हणून तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढली, की पुढे तंत्रज्ञपद मिळते. घरात महिन्याचा पगार येऊ लागतो आणि लग्नाला स्थळेही येऊ लागतात. मग हाच माणूस काही वर्षांत थकलेला, चिडचिडा का दिसतो?

आवड आणि नावड वेगवेगळी

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये या कोड्याचे एक उत्तर दिले. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे 200 अभियंते आणि हिशेबनीस यांना त्यांनी विचारले, की कामावर तुम्हाला फार चांगले कधी वाटले आणि फार वाईट कधी? दोन्ही उत्तरांत कारणे वेगळी निघाली. समाधान मिळत होते ते काम फत्ते झाल्याने, कौतुकाने आणि जबाबदारीने. नाराजी येत होती ती कंपनीची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, पगार आणि कामाच्या परिस्थितीमुळे. माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि दोष परिस्थितीला देतो, असा आक्षेप पुढे या सिद्धांतावर घेतला गेला. तरीही त्यातला मूळ मुद्दा उपयोगी आहे: नाराजीची कारणे दूर केली म्हणून समाधान आपोआप येत नाही आणि समाधान आहे म्हणून नाराजी संपत नाही.

वायरमनच्या कामात हे स्पष्ट दिसते. कामाचे फळ इतके लगेच दिसणाऱ्या नोकऱ्या कमीच. फीडर सुरू झाला, की अख्ख्या गावात उजेड होतो, पोरे ओरडतात, कुणीतरी चहा पुढे करते. पण दुसऱ्याच दिवशी त्याच घरी थकीत बिलासाठी कनेक्शन तोडायला त्यालाच जावे लागते. काल चहा देणारा आज शिव्या देतो. दर त्याने ठरवलेले नसतात, शेतीपंपाचे रात्रीचे वेळापत्रकही त्याचे नसते. दारात उभा मात्र तोच असतो. शेजारच्या खांबावर तेच काम करणारा कंत्राटी कामगार असेल, तर एकाच जोखमीचे दोन वेगळे मोल हीसुद्धा खदखद ठरते. जानेवारी 2023 मध्ये राज्यभरातील वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हा खासगीकरणाला विरोध आणि कंत्राटी कामगारांना कायम करणे हे मागण्यांत होते.

सुरक्षित नोकरी, असुरक्षित हृदय

जबाबदारी मोठी आणि हातात अधिकार कमी, ही जोडी शरीराला महागात पडते, अशी मांडणी रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये केली. ब्रिटनमध्ये 1967 पासून सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासाने या विचाराला बळ दिले. पाहणीतील सगळेच सरकारी नोकर होते. नोकरी पक्की, पगार नियमित. तरीही खालच्या हुद्द्यांवर हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या हुद्द्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब धरूनही फरक पूर्ण मिटला नाही. पुढच्या टप्प्यातील अभ्यासात कामावर कमी नियंत्रण असणे हे एक महत्त्वाचे कारण आढळले.

कामाच्या तासांचेही तसेच. आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडला. ड्युटी संपल्यावरही फोन सुरू असेल, तर हे तास मोजायचे कसे, हा प्रश्न आहेच.

घाम आणि करंट

खान्देशात त्यात उन्हाची भर पडते. जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो. त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून तापली, की शरीर बाहेर उष्णता टाकण्याऐवजी आत घेऊ लागते आणि घाम वाळणे हाच थंड होण्याचा मुख्य मार्ग उरतो. अशा वेळी जाड रबरी हातमोजे आणि हेल्मेट नकोसे वाटते. धोका नेमका इथेच आहे. कोरडी त्वचा विजेला बऱ्यापैकी अडवते. घामाने भिजलेल्या त्वचेचा विरोध खूप कमी होतो. शिवाय उष्णतेने आणि अपुऱ्या झोपेने लक्ष ढळते. परमिट घेतले का, लाइन अर्थ केली का, या साध्या पायऱ्या अशाच वेळी सुटतात.

उपाय फार अवघड नाहीत. शरीराला उन्हाची सवय व्हायला 7 ते 14 दिवस लागतात; म्हणून नव्या किंवा मोठ्या रजेवरून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी दुपारी खांबावर चढवू नये. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. बडबड असंबद्ध झाली, चालताना झोक गेला तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत नेऊन अंग ओले करत तातडीने दवाखाना गाठावा. रात्रभर लाइनवर राबलेल्याला सकाळी पुन्हा न बोलावणे, जोखमीच्या कामावर जोडीदार देणे आणि ‘परमिटशिवाय चढणार नाही’ असे म्हणणाऱ्याच्या पाठीशी साहेबाने उभे राहणे, यातून त्याच्या हाती थोडे नियंत्रण येते.

ग्राहकांच्या हातीही काही आहे. चेंजओव्हर स्विच नसलेला जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर बंद लाइनमध्ये वीज परत सोडू शकतो आणि खांबावरच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. ती जोडणी जाणकाराकडून तपासून घ्यावी. डीपीवर स्वतः फ्यूज टाकायला जाऊ नये. आणि लाइट गेल्यावर तक्रार आधी 1912 या क्रमांकावर नोंदवावी. वायरमनचा फोन त्या वेळी वाजत असेल, तर तो बहुधा खांबावर असतो आणि त्याचे दोन्ही हात कामात असतात.