किमान सुरक्षित उंची (विमानचालन)

किमान सुरक्षित उंची म्हणजे उड्डाण व अवतरण वगळता विमानाने ज्या उंचीखाली येऊ नये, ती नियमांनी ठरवलेली मर्यादा होय.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट २ नुसार, बाहेरचे दृश्य पाहून चालवल्या जाणाऱ्या विमानाने दाट वस्तीवरून किंवा उघड्यावरील जनसमुदायावरून जाताना, ६०० मीटर परिघातील सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान ३०० मीटर (१,००० फूट) वर राहावे लागते. अन्यत्र जमिनीपासून किंवा पाण्यापासून १५० मीटर (५०० फूट) उंची पुरेशी मानली जाते. म्हणजे गावात १०० मीटरचा मनोरा असल्यास तेथील मर्यादा जमिनीपासून ४०० मीटर होते. एकच इंजिन असलेल्या लहान विमानाचे इंजिन बंद पडल्यास वस्तीबाहेरील मोकळी जागा गाठण्यासाठी ही उंची वैमानिकाला अवधी देते.

उड्डाण व अवतरणाच्या वेळी मात्र हे संरक्षण नसते. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळ तालुक्यालगतच्या निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेचच तारांमध्ये अडकून कोसळले. त्यातील सर्व जण बचावले. म्हणूनच वस्तीजवळ हेलिपॅडची जागा निवडताना भोवतालच्या तारा, झाडे व इमारती यांची पाहणी महत्त्वाची ठरते.